४१ उमेदवार, तीन मशीन आणि सात सेकंद: चकलांब्याच्या मतदाराला ईव्हीएम समजावून सांगायचं कसं?

१३ मे २०२४. बीड लोकसभा मतदारसंघात मतदान होतं. गेवराई तालुक्यातलं चकलांबा याच मतदारसंघात येतं. गावातला मतदार त्या दिवशी मतदान कक्षात गेला, तेव्हा त्याच्यासमोर एक नाही, तर तीन मशीन ओळीनं मांडलेली होती.

कारण सोपं होतं. एका मशीनवर म्हणजे एका बॅलट युनिटवर १६ बटणं असतात. बीडमध्ये ४१ उमेदवार रिंगणात होते, शिवाय 'नोटा'चं एक बटण. एकूण ४२. दोन मशीनवर ३२ नावं मावली, उरलेले ९ उमेदवार आणि नोटा तिसऱ्या मशीनवर गेले. महाराष्ट्रात त्या टप्प्यात ११ मतदारसंघांत मतदान झालं आणि त्यात सगळ्यात जास्त उमेदवार बीडमध्येच होते.

आता विचार करा. वाचता न येणारी एखादी आजी, आयुष्यभर चिन्ह बघूनच मत देणारी. तिला ४२ चिन्हांतून आपलं चिन्ह शोधायचं आहे, एकदाच बटण दाबायचं आहे आणि एकदा दाबलं की मागे फिरता येत नाही.

निकाल लागला तेव्हा विजयी आणि पराभूत उमेदवारात अंतर होतं ६,५५३ मतांचं. म्हणूनच मशीन कसं वापरायचं हा प्रश्न बीड जिल्ह्यात कुणी किरकोळ म्हणून सोडून देऊ शकत नाही.

'तुतारी' आणि 'तुतारी वाजवणारा माणूस'

या निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा पराभव केला. सोनवणे राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे उमेदवार होते आणि त्यांचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. हे चिन्ह पक्षाला फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळालं होतं. म्हणजे मतदारांसाठी ते अगदी नवं होतं.

त्याच यादीत एका अपक्ष उमेदवाराचं चिन्ह होतं नुसतं 'तुतारी'. चित्र पाहिलं तर ते पिपाणीसारखं दिसायचं, पण त्यापुढचं नाव 'तुतारी'च होतं. या अपक्ष उमेदवाराला ५४,८५० मतं मिळाली. विजयाच्या फरकापेक्षा आठपटीहून जास्त.

साताऱ्यात तर निकालाचीच चर्चा झाली. तिथे उदयनराजे भोसले यांनी शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला आणि 'तुतारी' चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. पक्षानं यावर निवडणूक आयोगाकडे तक्रारही केली.

ही सगळी मतं चुकूनच पडली, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मतदान गुप्त असल्यामुळे ते सिद्ध होणंही शक्य नाही. अपक्षाला मनापासून मत देणारेही असतातच. पण प्रचारात "तुतारीचं बटण दाबा" एवढंच ऐकलेला मतदार मशीनसमोर गोंधळू शकतो, हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही.

इथेच ईव्हीएमबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट कळते. मशीननं 'बाद' मत संपवलं. 'चुकीचं' मत मात्र संपलेलं नाही.

पेटी, मग शिक्का, मग बटण

या भागातल्या मतदाराला पद्धत बदलण्याची सवय नवी नाही. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असायचं आणि मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायचा. कागदावर काही खूण करायचीच नव्हती.

साठच्या दशकात पद्धत बदलली. सगळ्या उमेदवारांची नावं आणि चिन्हं एकाच मतपत्रिकेवर आली, पेटीही एकच झाली. मतदारानं चिन्हासमोर शिक्का मारायचा, कागदाची नीट घडी घालायची आणि पेटीत टाकायचा. गावाकडे आजही "अमक्यावर शिक्का मारा" असं म्हणतात, ते याच काळातून आलेलं. मशीन येऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी बोलण्यातला शिक्का गेलेला नाही.

शिक्क्याच्या काळात मतं बाद व्हायची. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर बसला, दोन ठिकाणी मारला, कोराच कागद पेटीत गेला, की मत बाद. पण बाद झालेलं मत निदान दुसऱ्या कुणाच्या खात्यात जमा व्हायचं नाही.

मशीनमध्ये असं होत नाही. दोन बटणं एकदम दाबली तरी मशीन एकच मत नोंदवतं. त्यामुळे बाद होण्याचा प्रश्न नाही. पण बोट एक ओळ खाली घसरलं, तर ते मत पूर्ण वैध ठरतं. फक्त दुसऱ्या उमेदवाराचं.

मशीन भारतात आलं कसं?

ईव्हीएमची कल्पना निवडणूक आयोगानं १९७७ मध्ये मांडली. केरळमधल्या परूर विधानसभा मतदारसंघात मे १९८२ मध्ये ५० मतदान केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. निकाल कोर्टात गेला. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात तरतूद नसताना मशीनवर मतदान घेता येणार नाही. त्या ५० केंद्रांवर कागदावर फेरमतदान झालं आणि निकालच उलटला.

त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या १६ विधानसभा मतदारसंघांत मशीन पुन्हा वापरलं गेलं. १९९९ मध्ये गोव्याची संपूर्ण विधानसभा निवडणूक ईव्हीएमवर झाली. २००४ पासून लोकसभेच्या सगळ्या जागांसाठी मशीनवरच मतदान होतं.

पण तेव्हाच्या मशीनमध्ये एक गोष्ट नव्हती. मत नेमकं कुणाला गेलं, हे मतदाराला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती उणीव भरून काढायला व्हीव्हीपॅट आलं. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा वापरलं गेलं. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्यानं सगळीकडे लावायला सांगितलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशातल्या प्रत्येक मतदान केंद्रावर ते होतं.

मतदान केंद्रात काय काय होतं?

लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानात यंत्रणेचे तीन भाग असतात. बॅलट युनिट म्हणजे नावं, फोटो, चिन्हं आणि निळी बटणं असलेलं मशीन. व्हीव्हीपॅट म्हणजे चिठ्ठी छापणारा, काचेची खिडकी असलेला डबा. हे दोन्ही मतदान कक्षात असतात. तिसरं कंट्रोल युनिट, ते अधिकाऱ्याच्या टेबलावर असतं. मतं त्यात साठतात.

मतदाराचा प्रवास असा होतो.

१. पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो आणि ओळखपत्र बघतो. घरी आलेली मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे. मतदार कार्ड नसेल तर आधार कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगा जॉब कार्ड यांसारखं आयोगानं मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. पण नाव यादीत असलंच पाहिजे.

२. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि एक चिठ्ठी देतो.

३. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेतो आणि कंट्रोल युनिटवरचं बटण दाबतो. त्यानंतरच कक्षातलं मशीन एका मतासाठी सुरू होतं. बॅलट युनिटवर हिरवा दिवा लागतो.

४. मतदार आपल्या उमेदवारासमोरचं निळं बटण दाबतो. त्या नावासमोर लाल दिवा लागतो.

५. व्हीव्हीपॅटच्या खिडकीत चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. ती सात सेकंद दिसते, मग आपोआप कापली जाऊन खालच्या बंद पेटीत पडते.

६. लांब 'बीप' वाजतो. मत नोंदलं गेलं.

चिठ्ठी मतदाराला मिळत नाही. बँकेच्या एटीएमसारखी पावती बाहेर येईल म्हणून कुणी वाट बघत थांबतं, कुणी चिठ्ठी हातात आली नाही म्हणून घाबरतं. ती बघायची असते, घ्यायची नसते. हे आधीच सांगितलं तर गोंधळ टळतो.

सात सेकंद कशासाठी?

बहुतेक मतदार बटण दाबतात, बीप ऐकतात आणि बाहेर येतात. बाजूच्या खिडकीकडे बघायचं राहून जातं. पण मत नेमकं कुठे गेलं हे बघण्याची संधी पूर्ण प्रक्रियेत मतदाराला एकदाच मिळते, ती याच सात सेकंदांत.

चिठ्ठीवर भलतंच चिन्ह दिसलं तर? इथे दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घ्यायला हव्यात.

पहिली, मतदाराचंच बोट चुकलं. त्याला उपाय नाही. मशीननं सांगितलं तेच केलं, म्हणून मत बदलता येत नाही. म्हणून काळजी बटण दाबण्याच्या आधी घ्यायची.

दुसरी, बटण बरोबर दाबलं पण चिठ्ठी दुसऱ्याची छापली गेली, असं मतदाराचं म्हणणं असेल. तर त्यानं तिथेच केंद्राध्यक्षांना सांगायचं. नियमात यासाठी तरतूद आहे. मतदाराकडून लेखी निवेदन घेतलं जातं. मग केंद्राध्यक्ष आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर त्याला चाचणी मत देता येतं. तक्रार खरी निघाली तर त्या मशीनवरचं मतदान तिथेच थांबवलं जातं. खोटी निघाली तर मतदारावर खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई होऊ शकते, त्यात दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ही सूचना निवेदन घेण्याआधीच दिली जाते.

या शिक्षेच्या तरतुदीमुळे खरी तक्रार असलेला माणूसही गप्प बसतो, अशी टीका अनेकांनी केली आहे. म्हणून तर चिठ्ठी नीट बघणं आणखी महत्त्वाचं. पाहिलंच नसेल तर तक्रार करणार कशाच्या आधारावर?

आईला वाचता येत नाही, मुलगा सोबत आत जाऊ शकतो का?

गावोगावी मतदानाच्या दिवशी यावरून वाद होतात. उत्तर असं आहे की निव्वळ निरक्षर आहे म्हणून सोबती आत नेता येत नाही. दृष्टी नसल्यामुळे किंवा शारीरिक अडचणीमुळे चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तरच सोबती घेण्याची परवानगी मिळते. सोबती किमान १८ वर्षांचा हवा. एका दिवसात एक माणूस एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. मत गुप्त ठेवण्याचं निवेदनही त्याला द्यावं लागतं.

दृष्टिहीन मतदारांसाठी बॅलट युनिटवर बटणांच्या बाजूला ब्रेल लिपीत क्रमांकही असतात.

मग वाचता न येणाऱ्या, पण धडधाकट मतदारानं काय करायचं? त्याच्यासाठीच चिन्हं आहेत. मशीन कसं वापरायचं हे समजलं नसेल तर केंद्राध्यक्ष पुठ्ठ्याच्या नमुना मशीनवर ते दाखवू शकतात. पण ते कक्षाबाहेर आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. मतदार आत असताना "इथे दाबा" म्हणायला कुणी आत जाऊ शकत नाही. नातेवाईक नाही, पक्षाचा कार्यकर्ता नाही आणि अधिकारीही नाही.

८५ वर्षांवरचे मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार लोकसभा-विधानसभेला घरूनही मत देऊ शकतात. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-ड नमुन्यात अर्ज करावा लागतो. हे मतदान मात्र मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर होतं. तिथे जुना नियम लागू: खूण चुकली तर मत बाद.

गावच्या निवडणुकीत मशीन वेगळं वागतं

लोकसभा आणि विधानसभेचं शिक्षण घेतलेला मतदार ग्रामपंचायतीच्या मतदानाला गेला की पुन्हा अडखळतो. कारण तिथे काही गोष्टी बदलतात.

लोकसभा-विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. या निवडणुकांत एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक एकत्र असेल तर दोन मतं. ग्रामपंचायतीत एका प्रभागातून तीनपर्यंत सदस्य निवडून जातात, शिवाय सरपंच थेट जनतेतून. म्हणजे चार मतांपर्यंत. प्रत्येक पदासाठी मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो.

इथे पहिलं बटण दाबून निघून जायचं नसतं. सगळ्या पदांची मतं दिल्यावरच शेवटचा लांब बीप वाजतो आणि मतदान पूर्ण होतं. एखाद्या पदासाठी कुणीच पसंत नसेल तर त्या पदासमोरचं 'नोटा' दाबायचं.

दुसरा फरक जास्त मोठा आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं. सात सेकंदांची चिठ्ठी नाही. तिथे मतदाराला लाल दिवा कोणत्या नावासमोर लागला तेवढंच बघता येतं.

म्हणून गावात मशीन शिकवताना आधी विचारावं लागतं: निवडणूक कोणती?

"मशीनवर भरवसा ठेवायचा कसा?"

मशीन वापरायला शिकणं एक आणि त्यावर विश्वास बसणं दुसरं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी देशभर चर्चेत आलं. गावातल्या मशीनमधल्या आकड्यांवर काही ग्रामस्थांचा विश्वास बसला नाही. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं याला कायद्यात आधार नसल्याचं सांगत जमावबंदीचा आदेश काढला आणि ते मतदान झालं नाही.

शंका विचारणाऱ्याला "तुला कळत नाही" म्हणून गप्प करता येत नाही. तपासणीच्या ज्या जागा आहेत त्या माहीत असणं जास्त उपयोगाचं.

पहिली जागा पहाटेची. मतदान सुरू होण्याच्या साधारण दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं. मशीनचे आकडे आणि चिठ्ठ्या जुळवून बघतात, मग सगळं पुसून मशीन सील करतात. सातला मतदान असेल तर ही वेळ साडेपाचची. पक्षांचे प्रतिनिधी इतक्या सकाळी हजर राहिले तरच या तपासणीला अर्थ आहे.

दुसरी जागा संध्याकाळची. मतदान संपल्यावर एकूण किती मतं पडली याचा १७-क नमुना भरतात आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात. मतमोजणीच्या दिवशी मशीनमधला आकडा याच्याशी ताडून बघता येतो.

तिसरी जागा मतमोजणीची. एप्रिल २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्याशी जुळवल्या जातात. ही केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, म्हणजे १,४४० केंद्रं. २०२४ च्या विधानसभेला या मोजणीत कुठेही तफावत आढळली नाही, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. आणि तफावत आढळलीच तर नियमानुसार कागदी चिठ्ठ्यांचा आकडा अंतिम मानला जातो.

सगळ्याच चिठ्ठ्या मोजा, ही मागणी सुप्रीम कोर्टानं २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशीनची तपासणी मागण्याची सोय त्याच निकालानं दिली.

या उपायांनी समाधान होणारे आहेत आणि न होणारेही. तो वाद चालू राहील. पण यातल्या प्रत्येक तपासणीला एका माणसाची गरज असते, जो वेळेवर हजर राहून आकडा लिहून घेईल.

आणि जे गावातच नसतात त्यांचं काय?

बीड जिल्ह्याची गोष्ट ऊसतोड मजुरांशिवाय पूर्ण होत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. २०२४ मध्ये हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता आणि विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. अशा वेळी कितीही चांगलं मशीन असलं तरी मतदार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ऊसतोड मजुराला टपाली मतदानाची सोय नाही.

यावर एक नवं मशीन सुचवलं गेलं होतं. २९ डिसेंबर २०२२ ला निवडणूक आयोगानं 'रिमोट व्होटिंग मशीन'चा नमुना जाहीर केला. स्थलांतरित मजुरानं जिथे काम करतो तिथल्या केंद्रावरून आपल्या गावाकडच्या उमेदवाराला मत द्यायचं, अशी कल्पना. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेण्याची त्याची क्षमता सांगितली गेली. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना बोलावलं. स्थलांतरित नेमकं कुणाला म्हणायचं, परक्या राज्यात मतदान प्रतिनिधी कुठून आणायचे, असे प्रश्न विरोधी पक्षांनी उभे केले. हे मशीन अजून एकाही निवडणुकीत वापरलं गेलेलं नाही.

गावात कुणी कुणाला शिकवायचं?

निवडणुकीआधी प्रशासन गावोगावी मशीनचं प्रात्यक्षिक घेतं. त्या मशीनवर खऱ्या उमेदवारांची नावं नसतात, सरावासाठी वेगळीच चिन्हं लावलेली असतात. प्रात्यक्षिक गावात आलं की ज्यांना गरज आहे त्यांना तिथे नेणं हे पहिलं काम. बऱ्याचदा मशीनभोवती तरुण पोरांचीच गर्दी असते आणि म्हातारी माणसं, बाया घरीच राहतात. बटण प्रत्यक्ष दाबून बघण्याची जास्त गरज त्यांनाच असते.

घरी शिकवायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवता येतील.

• उमेदवारांची अंतिम यादी जाहीर झाली की एकूण किती नावं आहेत ते बघा. १५ पेक्षा जास्त उमेदवार असतील तर मशीन एकापेक्षा जास्त असणार. "सगळी मशीन बघून मगच बटण दाबा" हे आधी सांगा.

• मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार यादीत आधी येतात, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. नोटा सगळ्यात खाली. हा क्रम माहीत असला की शोधणं सोपं जातं.

• चिन्ह तोंडी सांगू नका, चित्र दाखवा. आणि त्यासारखं दिसणारं दुसरं चिन्ह यादीत असेल तर तेही दाखवा. चिन्हासोबत फोटो आणि क्रमांकही बघायला सांगा.

• हिरवा दिवा, बटण, लाल दिवा, चिठ्ठी, बीप. हा क्रम पाठ करून घ्या. बीप वाजेपर्यंत जागचं हलायचं नाही. बीप वाजलाच नाही तर बाहेर न येता अधिकाऱ्याला हाक मारायची.

• मोबाइल आत नेऊ नका. मत देतानाचा फोटो किंवा रील टाकणं म्हणजे मतदानाच्या गुप्ततेचा भंग, त्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

• "मत देऊन आलं तरी कुणाला दिलं ते कळतं" असं कुणी धमकावत असेल तर घाबरू नका. चिठ्ठीवर मतदाराचं नाव नसतं. उमेदवाराचंच असतं.

शेवटची गोष्ट शिकवणाऱ्यासाठी. मशीन समजावून सांगणारा बहुतेक वेळा घरातला शिकलेला मुलगा असतो, शेजारी असतो किंवा कार्यकर्ता. कसं दाबायचं हे सांगता सांगता कुणाला दाबायचं हे सांगणं फार सोपं असतं. मदत कुठे संपते आणि दबाव कुठे सुरू होतो, ती रेघ तिथेच आहे. म्हणून सराव करताना खरं चिन्ह न घेता आंबा, कंदील, छत्री अशी कोणतीही चित्रं कागदावर काढून घेतली तरी चालतं. आजीनं "कंदिलाला मत द्यायचंय" म्हणून कंदिलासमोरच बोट ठेवलं आणि मग बाजूच्या खिडकीकडे नजर वळवली, की तिला मशीन आलं.

त्यानंतर कक्षात ती एकटी असेल. तीन मशीन, ४२ बटणं आणि सात सेकंद. ते मत कुणाला गेलं हे तिच्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि ते कळायचंही नाही.